नजर आहे ना, मग यंत्र कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. “मुरलेला पैदासकार वाफ्यांतून एक फेरी मारतो आणि चांगली लाइन कुठली ते सांगतो. मग तुमचे ड्रोन आणि कॅमेरे कशाला?” (लाइन म्हणजे एकसारख्या झाडांचा वंश; त्यातूनच पुढे वाण निवडतात.) हा प्रश्न मला बैठकीत येतो, घरीही येतो. इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आले: नजर थकते, यंत्र थकत नाही. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

सहाशे वाफ्यांना १ ते ९ गुण द्यायचे असतात. सकाळी ज्या वाफ्याला ४ दिले, त्यालाच त्याच माणसानं संध्याकाळी ६ दिलेले मी वहीत पाहिलेत. दुसरीकडे भाताचा जनुकसंच २००५ मध्ये वाचून झाला, गव्हाचा २०१८ मध्ये. पानाचा एक तुकडा पाठवला की त्या झाडाच्या हजारो जनुकीय खुणा हाती येतात. त्या जोडायच्या कशाशी? काठी लावून मोजलेल्या उंचीशी आणि अंदाजानं दिलेल्या गुणाशी? डॅनिश शास्त्रज्ञ जोहान्सननं ‘जीन’ (जनुक) आणि ‘फेनोटाइप’ (झाडाचं दिसणारं, मोजता येणारं रूप) हे दोन्ही शब्द १९०९ मध्येच दिले. पहिल्याच्या मागे सगळे धावले, दुसरा मागे पडला. मी या कामात आले ती त्यासाठी.

आता माझं उत्तर अपुरं ठरलं ते वर्ष. गव्हाची दुष्काळाची चाचणी होती. तीनशे लाइन्स, दोन रेप्स, म्हणजे प्रत्येक लाइन दोन वाफ्यांत. पानावरची रंध्रं उघडी असली की पाण्याची वाफ होत राहते आणि पान थंड राहतं. म्हणजे ताण पडल्यावरही जिचं पान थंड, तिची मुळं कुठून तरी पाणी आणताहेत. ड्रोनवरचा थर्मल कॅमेरा, म्हणजे तापमान टिपणारा कॅमेरा, हेच दाखवतो. आमच्या पैदासकार सरांनी त्याआधी फेरी मारून १४७ नंबरच्या लाइनला निवडीची खूण म्हणून लाल दोरा बांधला होता. माझ्या आकड्यांत ती गरम निघाली, सरासरीपेक्षा दीड अंशानं. निवडीच्या बैठकीत मी म्हणाले, “सर, आकडे वेगळं सांगताहेत.” सरांनी वही मिटली. १४७ गळली.

चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी ते फोटो वेळेच्या क्रमानं लावले. उड्डाण वीस मिनिटांचं होतं. पहिल्या नऊ मिनिटांतले सगळे वाफे थंड होते; लाइन कुठलीही असो. वरून ढग गेला होता. १४७ चे दोन्ही वाफे नेमके ऊन पडल्यावर टिपले गेले होते. बांधावर ऊन मोजणारा सेन्सर होता, त्याची मिनिटामिनिटाची नोंद माझ्याच संगणकात होती. मी ती जोडलीच नव्हती. जोडली तेव्हा १४७ निवडीच्या रेषेच्या वर आली.

त्या वेळची मी म्हणाली असती, चूक यंत्राची नव्हती. नव्हतीच. पण बैठकीत यंत्राच्या नावानं बोलत होते ती मीच ना?

सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “बी शिल्लक आहे ना? मग पेरा.”

पेरलं. त्या हंगामात पाऊस थांबला नाही, ताण पडलाच नाही, आणि १४७ चारचौघींसारखी राहिली.

आता माझीही एक तक्रार ऐका. त्या वर्षी सरांनी आणखी अकरा लाइन्सना दोरे बांधले होते. त्यांतल्या सात पुढच्या चाचणीत टिकल्या नाहीत. त्याबद्दल मला कुणी विचारत नाही. नजर कुठे चुकली हे शोधायला मागे काही उरत नाही. दोरा सोडला की संपलं. माझ्या चुकीचे फोटो होते, त्यांवर वेळ होती, म्हणून ती सापडली. हे मी सरांसमोरही म्हणाले आहे. त्यांना ते पटलं नाही. ते म्हणतात, सापडली ती तुम्ही दुसऱ्याच कामाला बसलात म्हणून. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

यंदा १४७ पाऊस अडवणाऱ्या छपराखाली पेरली आहे, चार रेप्समध्ये. उड्डाण ढग नसतानाच करते, आणि उन्हाची नोंद आधी जोडते. गहू अजून पोटरीत आहे, ओंबी बाहेर आलेली नाही. सर परवा फेरी मारून गेले. त्यांना काय दिसलं ते मी विचारलं नाही, आणि माझे आकडेही त्यांना दाखवलेले नाहीत.