दोन तासांवरचा मुक्काम

शुक्रवारी दुपारी डबा खाताना सहज बोलून गेले की उद्या वाईला चाललोय, रविवारी परत, तर शेजारची म्हणे, अगं वाईला राहतं का कोणी, दोन तासांवर तर आहे! तिचंही बरोबरच आहे म्हणा. आपल्यासाठी वाई म्हणजे महाबळेश्वरला जाताना गाडीतूनच ढोल्या गणपतीला नमस्कार, मग पसरणीचा घाट, मग कोणाला तरी उलटी.

पण मला कुठल्याही गावात रात्र काढल्याशिवाय जाऊन आल्यासारखं वाटतच नाही. खोड आहे. लहानपणी आत्याकडे वाईला जायचो तेव्हा माजघरात ओळीने गाद्या पडायच्या आणि भिंतीकडची जागा कोणाची यावरून मारामाऱ्या, कारण कडेला झोपणाऱ्याला जिन्याखालचा अंधार दिसायचा. आत्याने दाराला अडसर लावला, तो खर्रकन आवाज झाला, की दिवस संपला. मग आतेभाऊ पुराच्या गोष्टी काढायचा, की कृष्णेला पाणी चढलं ना की गणपतीच्या देवळाची मागची भिंत ते कापते, माशासारखी निमुळती बांधलीय रास्त्यांनी, १७६२ साली. (साल त्याला कुठलं माहीत, ते मी आत्ता घातलं.) मी पडल्या पडल्या आमच्या भिंतीला हात लावून बघायचे. सपाट. झोप उडायची.

आता आत्याही नाही, वाडाही नाही, तिथे सोसायटी झालीय. म्हणून लॉजवर उतरलो. खोलीत पाटी, गरम पाणी ६ ते ८. असली पाटी वाचली की मी रात्रभर घड्याळ बघते. नवरा मस्त घोरत होता. शेवटी कंटाळून उजाडायच्या आत एकटीच घाटावर गेले, तर एक आजोबा गार पाण्यात निवांत डुबक्या मारत होते, त्यांना कसली आलीय पाटी!

मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा बघितला, पण मी रमले घाटावरच्या त्या पोर्तुगीज घंटेपाशी. १७३९ला चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हाची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू नीट ओळखू येतात, आणि ती टांगलीय महादेवाच्या शेजारी, कोणाची काही तक्रार नाही.

परत येताना म्हटलं विश्वकोशाचं ऑफिस तरी बघू. तर्कतीर्थांनी ते अवाढव्य काम या एवढ्याशा गावात बसून उभं केलं, १९७६ला पहिला खंड आला. पुण्यात केलं असतं तर अजून 'अ'वरच भांडत बसलो असतो. नवरा म्हणाला, रविवारी काय बघणार, कुलूप?

मग मिसळ खाल्ली आणि निघालो.