बाकडं, प्रयत्न दुसरा: ओट्यावर चढलं, पण डुलत नाही

मंडळी, बाकडं चार पायांवर उभं राहिलं. तेलाचा एकच हात झालाय, एका पायाच्या आतल्या बाजूला पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) निसटल्याची खूण आहे, ती मी भिंतीकडे करून ठेवलीय. कालपासून त्यावर बसून चहा होतोय.

पहिला प्रयत्न दोन वर्षांपूर्वीचा. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन, चांगले ४ इंची पाय, दीड इंची फळ्या, प्रत्येक सांध्यात चार-चार स्क्रू. गणपतीत पार्किंगमध्ये आरतीला तीन काका बसले आणि ते डावीकडे कलायला लागलं, आवाज न करता, पेंग आल्यासारखं. कोणी पडलं नाही, पण सोसायटीत अजूनही माझ्या कुठल्याही वस्तूवर बसण्याआधी "बसू ना रे?" असं विचारतात.

ते उघडून पाहिलं तेव्हा लाकूड ठणठणीत होतं, फक्त स्क्रू सैल झाले होते. फळीच्या टोकातून तंतूंच्या दिशेने घुसवलेला स्क्रू तंतू नुसते बाजूला सारतो, त्याची पकड आडव्या स्क्रूइतकी कधीच नसते. शिवाय लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंचे पाय एकमेकांना बांधणारं खाली काहीच नव्हतं. मी जाडी वाढवत बसलो होतो आणि गडबड सांध्यात होती. म्हणून या वेळी ठरवलं: पाय ३ इंचीच, पण सांधे कुसू-खाचेचे, म्हणजे एका लाकडाचं टोक तासून केलेली जीभ (कुसू) दुसऱ्यात कोरलेल्या खाचेत बसवायची.

लाकूड पुण्यातल्या भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून. पेठांमधले वाडे पाडतात तेव्हा निघालेलं सागवान तिथल्या काही वखारींत मिळतं. तुळई, वासे, कधी दाराची चौकट. मला ४ बाय ३ चे वासे आणि एका तुळईचा तुकडा मिळाला. वखारवाल्याने मोजताना टेप जरा उदारपणे धरला, पण जुन्या लाकडात हे चालायचंच. तुळई सॉ मिलमध्ये चिरून घेतली. आतून निघालेला रंग मधासारखा, आणि वास तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा.

जुन्या लाकडाची किंमत मात्र रंधा मोजतो. जुन्या बाजारातून रविवारी घेतलेला माझा लोखंडी रंधा, दोन संध्याकाळी घासून धार लावलेला, तिसऱ्याच फळीवर 'टिक' असा वाजला. पात्याला अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा. खाली पाहिलं तर चौकोनी, हाताने घडवलेला खिळा, डोकं कधीच तुटलेलं, भोवती लाकूड काळंनिळं झालेलं. सागातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की लाकूड असं काळवंडतं, म्हणजे डाग दिसला की खिळा शोधायचा. त्यानंतर फुटक्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवलं. सात खिळे निघाले. खिळा नसला तरी सागात सिलिका असते, ती धार खातेच. दर अर्ध्या तासाला दगडावर जायची तयारी ठेवा.

आता रचना. दोन्ही टोकांना एकेक चौकट: दोन पाय, वर एक आडवी पट्टी, खाली एक. खालच्या दोन पट्ट्यांना जोडणारी मधली लांब पट्टी, तिचं कुसू आरपार बाहेर काढून त्यात पाचर. ही लांब पट्टी दीड इंच जाड आणि ४ इंच उंच घेतली. लांबीच्या दिशेने डुलणं थांबवायला उंचीच कामाची. उंची दुप्पट केली की वाकण्याला विरोध आठपट होतो, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. शिवाय कुसूच्या वर-खाली पट्टीच्या ज्या कडा, म्हणजे खांदे, समोरच्या लाकडाला टेकतात, ते एकमेकांपासून जितके लांब तितकी पट्टी हट्टी.

चौकटींच्या खाचा आठ. बोहरी आळीतून १२ मिलिमीटरची पटाशी घेतली आणि पहिली खाच अर्ध्या इंचाची आखली. अर्धा इंच म्हणजे १२.७. ते ०.७ मिलिमीटर तासायला अख्खी दुपार गेली आणि भिंती वाकड्या झाल्या त्या झाल्याच. मग तळमजल्यावरचे काका आले. चाळीस वर्षं सुतारकाम करून आता गुडघ्यांमुळे घरी असतात. त्यांनी खाच पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाले, "टेप ठेव खिशात. खाच पटाशीच्या रुंदीची करायची, आणि कुसू खाचेच्या मापाचं." पुढच्या सात खाचा एका रविवारात झाल्या.

खुंटीची युक्तीही त्यांचीच, आणि मला या सगळ्यात हीच सर्वांत आवडली. पायाला आरपार भोक पाडायचं. कुसू खाचेत घालून त्या भोकातून खूण करायची, बाहेर काढायचं, आणि कुसूतलं भोक खुणेवर न पाडता दीड मिलिमीटर खांद्याच्या बाजूला सरकवून पाडायचं. भोकं मुद्दाम जुळत नाहीत. मग टोक निमुळतं केलेली बांबूची खुंटी ठोकायची. ती वाकडी वाट काढत जाते आणि कुसूला आत ओढून घेते. ठोकताना आवाज आधी पोकळ येतो, मग भरीव होतो, आणि खांद्याजवळची केसाएवढी फट डोळ्यांदेखत मिटते. क्लॅम्प लावावा लागला नाही. बांबूच का, तर तो तुटत नाही, वळतो. मी आधी सागाची खुंटी करून पाहिली, ती आतच मोडली. ती काढायला किती वेळ लागला ते विचारू नका.

फेव्हिकॉलही लावला. फक्त साग तेलकट असतो, म्हणून सांध्याच्या जागा आधी थिनरने पुसून लगेच चिकटवल्या.

बैठक तीन फळ्यांची, प्रत्येकी ५ इंच. एक अखंड पाट करायचा मोह होता, पण पुण्याचा एप्रिल आणि पुण्याचा जुलै ही दोन वेगळी गावं आहेत. हवेतल्या ओलाव्याने लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, रुंदीला हलतं. लाकडातला ओलावा पाचेक टक्के वाढला तर सागाची ५ इंची फळी साधारण सव्वा मिलिमीटर फुगेल, पंधरा इंची पाट पावणेचार. म्हणून मध्ये ४ मिलिमीटरच्या फटी. प्रत्येक फळीचा मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट, म्हणजे फळीला सरकायला जागा.

आता फजिती. उंची १७ इंच ठरवलेली, पायांची टोकं समतल करायची होती. गच्चीवर काम करत होतो, तिथेच बाकडं ठेवलं, आखलं, कापलं, खूश झालो. खाली पार्किंगमध्ये नेलं तर टकटक, टकटक. गच्चीला पाणी जायला उतार असतो, तोही दोन बाजूंनी पन्हाळीकडे, वर चायना मोझेकचे उंचवटे. अशा जमिनीवर मी बाकडं अगदी बरोबर बसवलं होतं.

घरात खरोखर सपाट अशी एकच जागा, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. बाकडं भरतं पंचवीस-सत्तावीस किलो. मी आणि भावाने ते ओट्यावर चढवलं, खाली वर्तमानपत्र घालून. आई दारात उभी राहून म्हणाली, "आता यावर बसून पोळ्या लाटू का?" आखूड पायाखाली पुठ्ठा सारला, बैठक लेव्हलमध्ये आणली, लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती एकाच उंचीची रेघ फिरवली. रेघेवर कापलं. आता उंची पावणेसतरा इंच, पण टकटक बंद.

तेल जवसाचं, बॉइल्ड. एक इशारा: तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मी ती दोरीवर एकेरी पसरून वाळवतो, आईला तेही आवडलेलं नाही.

दुसरा हात येत्या शनिवारी. तळमजल्यावरचे काका काल येऊन बसले, दोन्ही हातांनी कड धरून जोर लावून डावी-उजवीकडे हलवलं, पाचरीवर बोटाने टकटक केलं आणि "पाचर पावसानंतर परत ठोक" एवढंच म्हणाले. फळ्यांच्या फटी आज ४ मिलिमीटर आहेत, खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहून ठेवलीय. जुलैच्या शेवटी मोजून आकडा टाकतो.