लिंक तुटली तरी गेटवे हिरवा

चाकणच्या एका कारखान्याचं नेटवर्क बघायचो तेव्हाची केस. सकाळी बिलिंगमधून फोन, "सर, नेट अर्धंच चालतंय." अर्धं म्हणजे काय तर एकाचं ईआरपी उघडतंय, शेजारच्याचं नाही, आणि ज्याचं उघडतंय त्याचं मेल बंद. मॉनिटरिंगवर बिलिंगच्या स्विचच्या एका अपलिंकचा (वरच्या मुख्य स्विचकडे जाणाऱ्या लिंकचा) लाल ठिपका होता, पण दुसरी अपलिंक आहे की, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. बिलिंग ज्या व्हीलॅन ६० मध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) आहे त्याचा इंटरफेस, म्हणजे बाहेर जायचा गेटवे, दोन्ही कोअर (मुख्य) स्विचवर मस्त अप-अप.

आता हा इंटरफेस म्हणजे एसव्हीआय (स्विच व्हर्च्युअल इंटरफेस), खरा पोर्ट नव्हेच, त्यामुळे अप राहायचं की डाऊन हे बाकीच्या पोर्टांवरून ठरतं. व्हीलॅन स्विचवर बनवलेला हवा, इंटरफेस शटडाऊन नको, आणि त्या व्हीलॅनचा निदान एक पोर्ट, ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचा) असो की ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा), अप असून स्पॅनिंग ट्रीत (लूप टाळणारा प्रोटोकॉल) फॉरवर्डिंग, म्हणजे ट्रॅफिक पुढे सोडणारा, हवा. सिस्कोत याला ऑटोस्टेट म्हणतात. एक पोर्ट पुरतो, आणि घोळ तिथेच.

बिलिंगच्या स्विचकडून पहिल्या कोअरला येणारी फायबर रात्री तुटलेली, दोन कोअरमध्ये ट्रंक नाही, नुसती राउटेड लिंक, जिच्यावरून व्हीलॅन जात नाही, म्हणजे पहिल्या कोअरवरून व्हीलॅन ६० मध्ये पोचायला वाटच नाही. तरी एसव्हीआय अप! मॅक टेबल (कुठल्या पोर्टवर कुठलं उपकरण दिसतंय त्याची यादी) बघितलं तर ६० मध्ये एकच मॅक, सिक्युरिटी टीमने कधीतरी थेट कोअरला लावलेला पॅकेट कॅप्चरचा, म्हणजे ट्रॅफिक टिपून ठेवणारा डबा. त्या एका डब्याच्या जिवावर पहिला कोअर ओएसपीएफमध्ये (राउटर एकमेकांना वाटा सांगतात तो प्रोटोकॉल) "हे सबनेट माझ्याकडे आहे" म्हणून सांगत बसलेला, दुसराही तेच सांगतोय, आणि सर्व्हरकडून परत येणारं ट्रॅफिक दोघांत वाटलं जातंय. वाटणी फ्लोप्रमाणे, म्हणजे एकेका कनेक्शनप्रमाणे, म्हणून याचं चालतंय त्याचं नाही. पहिल्याकडे गेलेलं सगळं खड्ड्यात. खरं सांगायचं तर लिंक पूर्ण मेली असती ना, तर पाच मिनिटांत सापडलं असतं, हे अर्धमेलं प्रकरण फार छळतं.

डब्याच्या पोर्टवर 'स्विचपोर्ट ऑटोस्टेट एक्स्क्लूड' मारलं, म्हणजे एसव्हीआयच्या हिशोबात तो पोर्ट धरायचाच नाही. एसव्हीआय लगेच डाऊन, राउट गेला, सगळं ट्रॅफिक दुसऱ्या कोअरवरून, बिलिंग सुरू. फायबरवाला दुपारी आला.

मधल्या वेळात सिक्युरिटीवाल्यांचा फोन, "अहो, आमच्या डब्याचा गेटवे का गेला?"