वेलीची कमान: पाच महिन्यांचं काम

कमान कुठे उभी करायची हे ठरवायला मला लाकूडकामापेक्षा जास्त दिवस लागले, आणि ते सत्कारणी लागले असंच मी म्हणेन. ज्यांनी अजून सुरुवात केली नाही त्यांना माझं आधी हेच सांगणं आहे: लाकूड आणण्यापूर्वी चार बांबू आणा.

माझ्या मूळ आराखड्यात कमान हिरवळीच्या मधोमध होती. कागदावर फार देखणी दिसत होती. बांबू रोवले, वर आडवे दोन बांधले आणि आठ दिवस तसंच ठेवलं. त्या आठ दिवसांत घरातलं एकही माणूस त्याखालून गेलं नाही. सगळे बाजूने वळसा घालून जात, कारण तिथून आत शिरून कुठे पोचायचंच नव्हतं. मग मी तोच सांगाडा उचलून मागच्या दारापासून येणारी पायवाट जिथे हिरवळ सोडून भाजीच्या वाफ्यांकडे वळते, तिथे नेला. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यातूनच जायला लागले, कोणाला काही सांगावं लागलं नाही. बागेचे दोन भाग आहेत हेही मला तेव्हाच नीट दिसलं. आधी ते एकमेकांत नुसते मिसळून गेले होते.

पलीकडे काय दिसतं तेही बघा. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसले, तर चौकटीत बरोब्बर कंपोस्टचा ड्रम! सांगाडा हातभर डावीकडे सरकवला आणि ड्रमच्या जागी लिंबाचं झाड आलं. उभं राहून बघितलं असतं तर हे कळलं नसतं, कारण बागेकडे आपण बहुतेक वेळा बसूनच बघतो.

रुंदी आधी साडेतीन फूट धरली होती. बांबूंच्या आतल्या अंगाला गोणपाट लटकवून वेल किती जागा खाईल त्याचा अंदाज घेतला, तेव्हा पाणी भरलेली झारी घेऊन जाताना कोपर घासायला लागलं. वेल दोन्ही बाजूंनी सहज अर्धा-अर्धा फूट आत येते. म्हणून आता खांबांमध्ये ४.५ फूट मोकळी जागा आहे आणि पुढून मागे कमानीची खोली २.५ फूट. उंची जमिनीपासून ८ फूट, कारण मधुमालतीचे घोस खाली लोंबतात आणि ते कपाळावर आपटायला नकोत.

खांब ४ बाय ४ इंचाचे, १०.५ फूट लांब, त्यातले २.५ फूट जमिनीत. एवढं खोल कशाला, असं मला विचारलं गेलं. नुसत्या लाकडाच्या कमानीतून वारा निघून जातो, पण पानांनी भरली की तीच कमान शिडासारखी वारा अडवते. खड्ड्याच्या तळाशी सहा इंच खडी टाकली, खांब थेट खडीवर उभा केला आणि भोवती काँक्रीट भरलं. खांबाच्या बुडाखाली काँक्रीट जाऊ दिलं नाही, नाहीतर वाटीत पाणी साचावं तसं साचतं आणि लाकूड बुडापासून कुजतं. वरच्या तोंडाला काँक्रीटला बाहेरच्या बाजूने उतार दिला. आखणी काटकोनात आली की नाही ते दोन्ही कर्ण मोजून पाहिलं. पहिल्यांदा पाऊण इंचाचा फरक निघाला, तो खुंट्या सरकवून काढला.

खांबांचे माथे मात्र मी आधी कापले नाहीत. चारही खांब पक्के बसल्यावर पाण्याच्या नळीने (पाणी भरलेली पारदर्शक नळी, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) एका पातळीत खुणा करायच्या आणि मगच करवत लावायची, असं ठरवलं होतं. तरी फसगत झालीच. खुणा केल्या, पण तिसऱ्या खांबाची खूण बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दीड इंच वर येत होती. डोळ्याला ते पटेना. नळी उन्हात आडवी धरून बोटभर-बोटभर तपासली, तेव्हा मधल्या वळणात हवेचा बुडबुडा अडकलेला दिसला. नळीवर टिचक्या मारत तो टोकाकडे नेऊन बाहेर काढला, पुन्हा मापं घेतली, आणि चारही खुणा जुळल्या. पहिल्याच मापावर खांब कापला असता तर परत जोडता आला नसता.

तुळयांसाठी खांबांच्या माथ्यात खाचा केल्या. बोल्ट आहेतच, पण तुळईचं वजन बोल्टवर न येता लाकडावर यावं असं मला वाटतं. करवतीने एकमेकांलगत सात-आठ काप घ्यायचे, मधल्या चकत्या पटाशीने उडवायच्या आणि तळ साफ करायचा. शेवटचा कागदाएवढा पापुद्रा निघाल्यावर तुळई हाताने दाबून आत गेली तेव्हा जो आवाज आला, तो ऐकायला मी पुन्हा चार खाचा करीन. कापलेल्या टोकांना जवसाचं तेल पाजलं. लाकडाच्या बाजूंपेक्षा टोकं कितीतरी जास्त तेल पितात, त्यामुळे तिथे तीन हात दिले.

वरच्या आडव्या पट्ट्या एका दुपारी झाल्या, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

आता वेली. एका बाजूला मधुमालती आणि दुसऱ्या बाजूला कृष्णकमळ, असा माझा बेत होता. तो सोडला. एक कारण असं, की मधुमालती जोमदार आहे, वर पोचल्यावर ती दुसरीला झाकून टाकणार. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वेली चढतात कशा, यावरून डार्विनने १८६५ साली त्यांचे गट पाडले होते: स्वतः वेटोळे घालणाऱ्या, पानांनी धरणाऱ्या, तणावे (आधाराला गुंडाळणारे धाग्यासारखे अवयव) असणाऱ्या, हुकासारख्या आकड्यांनी अडकणाऱ्या, मुळांनी चिकटणाऱ्या. कमानीचा आराखडा करताना ही विभागणी फार उपयोगी पडते. कृष्णकमळाचे तणावे बारीक तारेला किंवा काडीला छान मिठी मारतात, पण ४ इंची चौकोनी खांब त्यांच्या कवेत येत नाही. म्हणून कृष्णकमळ मागच्या तारेच्या कुंपणावर गेलं, तिथे ते खूश आहे, आणि कमानीच्या दोन्ही बाजूंना मधुमालतीच ठेवली. मधुमालतीची पानं गळली की देठाचा खालचा भाग वाळून काट्यासारखा उरतो, त्याच्या आधाराने ती अडकत जाते. सुरुवातीला तिला बांधावं लागतंच. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या बांधते, एक वेढा खांबाला, एक फांदीला, म्हणजे फांदी जाड झाली तरी काचत नाही.

फांद्या सरळ वर सोडल्या नाहीत, खांबाभोवती तिरक्या फिरवल्या. सरळ वाढणारा शेंडा खालच्या डोळ्यांना (जिथून नवे फुटवे येतात त्यांना) दाबून ठेवतो. फांदी आडवी वाकवली की ते डोळे फुटतात आणि फुलं कमरेच्या उंचीपासून मिळतात. नाहीतर खाली नुसत्या काटक्या आणि सगळा बहर पट्ट्यांच्या वर, जिथे आपल्याला दिसतच नाही.

मागच्या आठवड्यात डावीकडच्या खांबावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, पहिला घोस आला. संध्याकाळी उमलली तेव्हा फुलं पांढरी होती, दुसऱ्या दिवशी गुलाबी झाली आणि तिसऱ्या दिवशी लाल. वरच्या कळ्या रोज थोड्या थोड्या उमलत असल्याने एकाच घोसात तिन्ही रंग दिसत होते. अंधार पडल्यावर मी तिथे उभी राहिले, तेव्हा वास वाटेच्या वळणापर्यंत येत होता.

उजवीकडची वेल अजून छातीपर्यंतच आहे. तिच्या मुळाशी दुपारनंतर सावली येते, बहुधा त्यामुळेच. शेजारच्या शेवग्याची एक फांदी या आठवड्यात छाटणार आहे, आणि तरीही फरक पडला नाही तर महिन्याने पुन्हा मापं लिहीन.