जाड शाफ्टला सगळीकडून सारखं पाणी देताना: माझा अनुभव

पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून झटकन गार करून कडक करणं; इथे ते तेलात केलं. ईएन २४ या मिश्र पोलादाचा शाफ्ट, व्यास १५० मिमी, लांबी १२०० मिमी, वजन साधारण १६५ किलो. ८४० अंशांवरून तेलात क्वेंच (झटकन गार), मग ठिसूळपणा घालवायला ६०० ला टेंपर (पुन्हा तापवणं). हार्डनेस, म्हणजे कडकपणा, एका बाजूला ३०५ ब्रिनेल (आकडा मोठा तितकं पोलाद कडक), तर विरुद्ध बाजूला २६०.

अशा वेळी भट्टीचं तापमान वाढवायचा मोह होतो. मी आधी ग्राइंडर हातात घेतो. साध्या भट्टीत कार्बन जळालेली कातडी मिलिमीटरभर सहज असते. ती निघून आकडा वाढायचा थांबला, की मगच रीडिंग धरायचं. मग खडूने शाफ्टवर लांबीभर चार रेघा मारल्या, प्रत्येक रेघेवर पाच ठिकाणी हार्डनेस घेतला. नुसतं एकच टोक मऊ निघालं असतं तर भट्टीच्या दाराकडे पाहिलं असतं. विखुरलेले मऊ डाग असते तर स्केलकडे, म्हणजे तापून धरलेल्या पापुद्र्याकडे. इथे एक पूर्ण बाजू वरपासून खालपर्यंत मऊ होती. म्हणजे दोष तेलाच्या प्रवाहात.

तसंच निघालं. पंपाचा झोत एकाच भिंतीतून येत होता. तापलेला जॉब (इथे शाफ्ट) तेलात गेला की त्याच्याभोवती वाफेचं आवरण बसतं, आणि ते फुटेपर्यंत पोलाद सावकाश थंड होतं. झोताच्या बाजूला ते लगेच फुटायचं, आडोशाला तसंच चिकटून राहायचं. दुसऱ्या भिंतीतून आणखी एक झोत घेतला. दोन्ही समोरासमोर न ठेवता जरा तिरके ठेवले, म्हणजे तेल जॉबभोवती गोल फिरतं. पंपाचं सक्शन (तेल ओढणारं तोंड) तेलात खोल हवं. हवा ओढली तर फेस होतो आणि पुन्हा मऊ डाग.

तेल किलोमागे १० लिटर धरलं. या जॉबला १६५० लिटर, तरी तापमान ३० अंशांच्या आसपास चढतं, म्हणून सुरुवात ५०-६० अंशांना. गार तेल दाट असतं, नीट फिरत नाही. तेलात पाणी आहे का ते आधी बघावंच: पळीभर तेल तापवलं आणि ते तडतडलं, तर त्या टाकीत जॉब सोडू नये. डाग पडतात ते वेगळंच, तळाशी साचलेलं पाणी उकळलं तर तेल उसळून पेटतं.

भट्टीत शाफ्ट ठोकळ्यांवर, तळापासून १०० मिमी उंच ठेवला. वेळ दर २५ मिमी जाडीला एक तास. बाहेर काढताना उभा टांगून थेट तेलात, मध्ये क्रेन थांबवायची नाही. अर्धा बुडालेला लाल जॉब म्हणजे आगीला आमंत्रण. पूर्ण बुडाल्यावर वर-खाली हलवत राहायचं, पण वरच्या टोकावर २०० मिमी तेल कायम हवं.

पृष्ठभाग ९०-१०० अंशांवर आला की बाहेर. दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, कारण गाभ्यातली उष्णता बाहेर येते. तापमान चढलं तर परत तेलात. मग लगेच टेंपरिंग. उद्यावर ढकललं तर तडा जाऊ शकतो.

पुढच्या शाफ्टवर वीसही रीडिंग २९४ ते ३०६ मध्ये आली.