हंगाम उसाचा नाही, जहाजांचा

सेंट किट्स या कॅरिबियन बेटावरच्या बासतेरमध्ये राहायला आल्यापासून इथल्या लोकांसारखीच मलाही सवय लागलीये, आठवडा सुरू झाला की जहाजांचं वेळापत्रक बघायची. दोन मोठ्या क्रूझ एकाच दिवशी लागल्या की पोर्ट झांटेच्या धक्क्यावर काही हजार माणसं उतरतात आणि गाव त्यांचं होऊन जातं. टॅक्सीवाले गाड्या धुऊनपुसून रांगेत. माकडवालेही हजर. हिरवट अंगाचं पिल्लू, त्याला चक्क तान्ह्या बाळाचं डायपर. ते तुमच्या खांद्यावर ठेवायचं, फोटो काढू द्यायचा आणि डॉलर घ्यायचे. (मला हा प्रकार बघवत नाही.) हिऱ्यांच्या दुकानांत हिंदी बोलणारे विक्रेते भेटतात. संध्याकाळी बोट सुटली की धडाधड शटर खाली.

मी सांगलीकडची, त्यामुळे हे बघून मला गळीत हंगामच आठवतो. चार-सहा महिने श्वास घ्यायला फुरसत नाही, मग सगळं थंड. आणि खरंच, सेंट किट्सला २००५ पर्यंत उसाचाच हंगाम होता. इंग्रज इथे १६२४ मध्ये आले. पुढे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या जिवावर अख्खं बेट उसाखाली गेलं. आज पर्यटक ज्या इंडिपेंडन्स स्क्वेअरच्या कारंज्यापाशी सेल्फी काढतात, तिथे माणसांचा बाजार भरायचा. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसातून सुटका झाली नाही.

विसाव्या शतकात मळ्यामळ्यावरची छोटी गाळपघरं मागे पडली. बासतेरला एकच मोठा कारखाना आला आणि त्याला ऊस पुरवायला १९१२ ते १९२६ या काळात रेल्वे टाकली गेली. रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेएवढीच! आजोबा त्या गाडीने पंढरपूरला जायचे. तेव्हा नीड्समस्ट स्टेशनात ते रूळ बघून मला किती आनंद झाला, ते बरोबरच्या अमेरिकन आजीबाईंना काही समजावता आलं नाही.

२००३ पासून याच रुळांवर पर्यटकांची गाडी धावते. दोन वर्षं ऊस आणि पर्यटक एकाच मार्गावर होते. मग २००५ चा हंगाम शेवटचा ठरला. तोटा वर्षानुवर्षं साचत गेलेला, कर्ज डोंगराएवढं, त्यात युरोपात साखरेला मिळणारा चढा भावही जायच्या बेतात. सरकारने कारखाना बंद केला.

इथे मला आपल्याकडचा फरक फार जाणवतो. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा ऊस पिकवणाराच सभासद झाला. पुढे त्या सहकाराचं जे काही झालं ते झालं, पण शेत तरी त्याच्या नावावर होतं. इथे ऊसतोड करणाऱ्याच्या हातात कोयता तेवढा होता. मळ्यांच्या जमिनी १९७५ मध्ये सरकारकडे गेल्या होत्या, त्यामुळे कारखान्यानंतर त्यांचं काय करायचं हेही सरकारनेच ठरवलं. २००६ मध्ये साखर उद्योगाच्या नावाने एक प्रतिष्ठान निघालं. त्याला देणगी द्या आणि इथलं नागरिकत्व घ्या, अशी सोय होती! उसाची जागा एकट्या पर्यटनाने घेतली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पासपोर्टचा वाटाही मोठा आहे.

गाडी मात्र झकास. डबा दुमजली, वर उघडा आणि खाली वातानुकूलित. सुमारे २९ किलोमीटर रुळांवरून आणि उरलेले १९ बसने, की बेटाला फेरा पूर्ण. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लियामुइगाचा ज्वालामुखी, मधे रान माजलेले मळे. त्या रानात आपोआप उगवलेला ऊस अजून उभा आहे, तुरे आलेला, कुणी तोडत नाही. माकडं खातात तेवढाच. डब्यात गाणारे गट येतात, वाद्यांशिवाय सुरेख गातात. निवेदन ऐकताना उसाचा इतिहास पाच-दहा मिनिटांत उरकतो आणि पेयांचे ग्लास फिरू लागतात. तक्रार तरी कुणाकडे करायची? गाणारी, ग्लास भरणारी आणि निवेदन करणारी, सगळ्यांचीच घरं या जहाजांवर चालतात.

कुणी येणार असाल तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये या आणि गाडीत वरच्या मजल्यावर बसा. टोपी हातात धरून ठेवा, पुलांवर वारा जोरात लागतो.