रीफ टँक: लाइटपेक्षा पाण्यानेच जास्त शिकवलं

रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा म्हटलं की बोलणं पहिलं लाइटवर जातं. कुठली एलईडी, किती वॅट, निळा किती न पांढरा किती. माझं वाचनही तिथूनच सुरू झालेलं. आता टँकला दुसरं वर्ष चालू आहे आणि कोणी विचारलं तर मी म्हणते लाइटचं नंतर बघू, आधी सांग शुद्ध पाणी कुठून आणणार आणि रोज उडून जाणारं पाणी कोण भरणार. यावर समोरचा जरा हिरमुसतो, पण टँक तगतो तो या कंटाळवाण्या गोष्टींवरच.

माझा टँक ९० बाय ४५ बाय ५० सेंटीमीटर, म्हणजे २०० लिटरच्या आसपास, आणि खाली कपाटात संप, म्हणजे पाइपांनी वरच्या टँकला जोडलेली दुसरी टाकी. संपात स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारा), हीटर, रिटर्न पंप (पाणी परत वर चढवणारा), सगळा पसारा तिथेच. नुसतं पाणी दोनशे किलो, वर काच, दगड, वाळू, स्टँड, सगळं मिळून तीनशेच्या पुढे सहज जातं, त्यामुळे जागा आधी पक्की करा, भरल्यावर इंचभरही सरकत नाही. छोटा टँक सोपा पडेल असं वाटतं पण उलट असतं, पाणी कमी तितके आकडे पटापट हलतात.

मीठ घालायच्या आधी साध्या पाण्यावर सगळं चालवून बघितलं आणि मुद्दाम मेन स्विच बंद केला. ही टेस्ट कोणीच टाळू नये. वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि वरच्या टँकमधलं पाणी पाइपातून उलटं खाली यायला लागतं, ते वरची पातळी रिटर्नच्या तोंडाखाली जाईपर्यंत थांबत नाही. माझं रिटर्नचं तोंड पाण्यात खोल होतं, संप काठोकाठ भरत आला, मी बादली घेऊन शेजारी उभीच. मग तोंड वर घेतलं, पृष्ठभागाच्या जरा खाली, आणि संपात कितीपर्यंत पाणी भरायचं त्याची मार्करने रेघ मारली. आणि हो, प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबकळू द्यायची आणि मग वर न्यायची, म्हणजे थेंब सॉकेटात न जाता खाली पडतो. लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. खारं पाणी आणि वीज, यात चालढकल नको.

पाणी आरओडीआयचं, म्हणजे आरओ फिल्टर आणि पुढे उरलेले क्षार काढणारी रेझिन यातून आलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारं. नळाच्या पाण्यात सिलिकेट, फॉस्फेट, कधी तांबं, जे काय असेल ते सगळं टँकमध्ये साठत जातं, कारण पाणी उडतं पण हे उडत नाही. मीठ नेहमी पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर सुरवातीला ते इतकं तीव्र होतं की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून दुधाळ होतं आणि ते परत विरघळत नाही. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन फ्लुइडवर लावायचा, नुसत्या आरओवर शून्य केला तरी वरच्या बाजूला चुकू शकतो. काटा हलणारा जो प्लास्टिकचा हायड्रोमीटर मिळतो त्याला बुडबुडा चिकटला की काहीही दाखवतो, मी तो देऊन टाकला.

आता ते उडणारं पाणी. बाष्प होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. माझ्याकडे दिवसाला चार लिटर उडालं तर ३५ चं जवळपास ३५.७ होतं, आणि चार दिवस कोणी बघितलं नाही तर कोरल आक्रसून बसतात. म्हणून भरायचं ते गोडं पाणी, खारं नाही, आणि हे काम मी पहिल्याच महिन्यात ऑटो टॉप ऑफला दिलं. एक सेन्सर, एक छोटा पंप, एक आरओची टाकी. सगळ्या सामानात सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू हीच. उकाड्यात पाण्यावर पंखा सोडला की दोनतीन डिग्री उतरतात पण त्याचं बाष्पीभवन वेगळं वाढतं, ती टाकी मोठीच घ्या.

सायकलिंगबद्दल, म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये आधी वाढवण्याबद्दल, सगळीकडे इतकं लिहिलेलं आहे की मी थोडक्यात उरकते. मासा न घालता बाटलीतलं अमोनिया टाकून २ पीपीएमवर (दहा लाखात दोन भाग) आणलं, बॅक्टेरिया ओतले आणि वाट बघितली. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं, शेवटी नायट्रेट राहतं. २ पीपीएम टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की झालं. चार ते सहा आठवडे धरून चला, आधी झालं तर नशीब.

खरी परीक्षा त्यानंतर. माझा दगड कोरडा, पांढराफटक, त्याच्यावर जीवच नाही काही. आधी तपकिरी डायटम आले, ते येतातच, सिलिकेट संपलं की जातात. मग हिरवे केस. मग एके दिवशी वाळूवर शेंबडासारखा तपकिरी थर, त्याला लांब तार आणि तारेच्या टोकाला बुडबुडा. रात्री लाइट बंद झाल्यावर बराचसा नाहीसा, सकाळी वाळू स्वच्छ, आणि लाइट लागून दोनतीन तास झाले की परत हजर. हे सायनो (सायनोबॅक्टेरिया) की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशी जीव) हे कळायला थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवला, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळला आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवलं. तासाभरात त्या पाण्यात परत तंतू जमले. म्हणजे डायनो. टेस्ट केली तर नायट्रेट शून्य आणि फॉस्फेटही शून्य. पाणी फार स्वच्छ होतं हेच दुखणं, दुसरं कोणी जगत नाही तिथे डायनोफ्लॅजेलेट मोकळं रान मिळून वाढतात. मग फॉस्फेट काढणारा मीडिया काढून टाकला, वॉटर चेंज थांबवले, खाणं वाढवलं, नायट्रेट ५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर धरून ठेवलं, यूव्ही दिवा लावला, समोरून जाणाऱ्या पाण्यातले जीव मारणारा. डायनोच्या काही जाती रात्री पाण्यात तरंगायला निघतात, यूव्हीचा उपयोग त्यांच्यावरच होतो, वाळूतच राहणाऱ्यांवर नाही. माझ्या तरंगणाऱ्या निघाल्या. घाण दिसत असताना घाण वाढवायची हे मनाला पटायला वेळ लागतो, घरच्यांना तर अजिबात पटत नव्हतं. पण हळूहळू हिरवट शेवाळ आलं, गोगलगाई त्याच्यावर चरायला लागल्या, मग दगडावर जांभळे ठिपके दिसले, कोरलाइन नावाचं कडक शेवाळ. तिथून टँक टँकसारखा वागायला लागला.

मासे दोन, ऑसेलॅरिस क्लाउनफिश. सगळे क्लाउन आधी नर असतात, जोडीतला वरचढ मोठा होऊन मादी बनतो, म्हणून दोन लहानच आणायचे आणि त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. आधी वेगळ्या साध्या टँकमध्ये क्वारंटाइन, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसीचे तुकडे, बस. कंटाळा येतो पण मरीन इक, म्हणजे माशांवरचा परजीवी, मेन टँकमध्ये शिरला की तांब्याचं औषध तिथे टाकता येत नाही, कोरल, कोळंबी, गोगलगाई सगळे मरतात. मग मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस बिनमाशांचा ठेवायचा, हा आमच्या छंदातला ठरलेला आकडा. त्यापेक्षा आधीच थांबलेलं परवडतं.

कोरल घातले आणि मग कळलं की इतके दिवस आपण फक्त तयारीच करत होतो. मऊ कोरल, म्हणजे झोआ, मशरूम, लेदर, यांनी काही त्रास दिला नाही. मग एक हॅमर आणि एक डंकन आणला, हे हाडवाले. हाड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि ते बनवायचं सामान कोरल पाण्यातूनच उचलतात, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट आणि कार्बोनेट, डीकेएच या मापात मोजतात ते. मी कॅल्शियमवर डोळा ठेवून होते, तो बिचारा ४२० वर छान स्थिर दिसायचा. अल्कलिनिटी मात्र ८.४ डीकेएच वरून दुसऱ्या दिवशी ७.९. मला वाटलं किट खराब. पण हिशोब मांडला तर बरोबर होतं. हाड बनताना २.८ डीकेएच खर्च झाली की त्याच्याबरोबर कॅल्शियम फक्त २० पीपीएम जातं. म्हणजे अर्धा डीकेएच गेला तर कॅल्शियम साडेतीन पीपीएम, आणि ४२० चं ४१६ झालेलं कुठल्या घरगुती किटला दिसणार. कोरल किती खातायत ते अल्कलिनिटीच सांगते, कॅल्शियम फार उशिरा बोलतो.

वॉटर चेंजने हे भरून निघतं हाही एक भ्रम त्याच वेळी गेला. पाणी ८ वर असेल आणि नवीन पाणी ८.५ चं, दहा टक्के बदललं, तर होतं ८.०५. रोजचा खर्च अर्धा. म्हणून डोसिंग, म्हणजे खर्च झालेलं रोज मोजून परत टाकणं. माझ्या सिस्टीममध्ये संप धरून २२० लिटर, अर्धा डीकेएच चढवायला सोडियम बायकार्बोनेट सव्वातीन ग्रॅमच्या जवळपास लागतं, म्हणजे चिमूटभराचाच खेळ. दुसऱ्या बाटलीत कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही एकाच वेळी एकाच जागी टाकायचे नाहीत, तिथल्या तिथे एकमेकांना धरून पांढरी भुकटी खाली बसते. आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवायचं, ते कमी पडलं की बाकीचे दोघं पाण्यात टिकतच नाहीत, कितीही ओता.

अल्कलिनिटीची टेस्ट म्हणजे, सकाळी लाइट लागायच्या आधी पाच मिलीलीटर पाणी शिशीत घ्यायचं, इंडिकेटरचे थेंब टाकायचे, आणि मग सिरिंजने एकेक थेंब, प्रत्येक थेंबाला शिशी हलवत. रंग निळसर असतो, मग मधेच एक थेंब पडतो तिथे गुलाबी ढग येतो आणि हलवला की जातो, पुढच्याला जरा जास्त वेळ टिकतो, आणि मग एका थेंबाला अख्खी शिशी गुलाबी होते. मी पांढरा कागद मागे धरते. कोणता थेंब शेवटचा मानायचा हे प्रत्येकाचं वेगळं असतं, चालतं, फक्त रोज तोच रंग मानायचा आणि वेळही तीच. माझं ८.३ दुसऱ्याच्या किटवर ८.७ निघेल, त्याने कोरलला काही फरक पडत नाही. कोरलला त्रास होतो तो आज ७.५, उद्या ९ याने. लोक ७ की ८ की ९ यावर वाद घालतात, मला विचाराल तर ७.५ पासून ९ पर्यंत कुठलाही आकडा निवडा आणि तिथेच रहा. फक्त नायट्रेट फॉस्फेट अगदी तळाला असताना अल्कलिनिटी ११-१२ वर नेऊ नका, फांद्यांची टोकं जळल्यासारखी पांढरी होतात.

पीएचच्या मागे मी लागत नाही. रात्री उतरतो, दुपारी चढतो, खिडक्या बंद असल्या की खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडने अजून खाली. खिडकी उघडली की वर येतो. बफर ओतून पीएच चढवायला गेलं की अल्कलिनिटीचं गणित बिघडतं, नको ती भानगड.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. झोआ आणि त्यांचेच भाऊबंद पॅली कापताना हातात ग्लव्हज आणि डोळ्याला गॉगल हवेच, काहींमध्ये पॅलीटॉक्सिन असतं, ते खरंच जीवघेणं विष आहे. असे कोरल असलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही, वाफेतून आख्खं घर आजारी पडू शकतं. आणि एप्टेशिया दिसला, तो छोटा पारदर्शक तपकिरी अॅनिमोन, तर चिरडू नका, तुकड्यातुकड्यातून नवीन उगवतात. तोंडावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने, पंप दहा मिनिटं बंद ठेवून.

क्लाउननी शेवटी हॅमरलाच घर केलं, अॅनिमोन नसतानाही. मादी त्यात इतकी लोळते की हॅमरची एक बाजू सुरवातीला मिटून राहायची, आता त्याला सवय झालीये. बाजूला लेदर होता तो मात्र मी लांब हलवला आणि संपात कार्बनची पिशवी टाकली, कारण हे लोक पाण्यात रसायनं सोडून एकमेकांशी भांडतात, आणि हॅमर तर रात्री लांब डंख काढून शेजाऱ्याला भाजतो. दोघांत वीतभर अंतर ठेवाच.

आता आठवड्याचं काम म्हणाल तर काच पुसणं, स्किमरचा कप धुणं, दहा टक्के पाणी बदलणं, आणि टेस्ट. अल्कलिनिटी एक दिवसाआड, बाकीचं आठवड्याला. डोसिंग पंप लावलाय, पण कोरल वाढले की त्यांचा खर्चही वाढतो, त्यामुळे पंपाचा आकडा दर महिन्याला थोडा वर जातोच. बाहेरगावी जायच्या आधी नवीन काही करत नाही, ना नवीन कोरल, ना लाइटचं सेटिंग, ना पाणी बदलणं, जायच्या आठवडाभर आधीच सगळं उरकून घ्यायचं. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते, त्यांना रोजच्या खाण्याच्या पुड्या वार लिहून देते आणि डबा लपवून ठेवते, कारण मासे काचेपाशी येऊन नाचले की त्यांना दया येते. आरओची टाकी काठोकाठ, बॅटरीवरचा एअर पंप टँकला जोडलेला, वीज गेली तर तो आपोआप चालू होतो. काकूंना एवढंच सांगितलंय, जमिनीवर पाणी दिसलं तर फोन करा, बाकी पाण्यात काहीही दिसलं तरी हात घालू नका.